कलोसियम नव्हतं तेव्हा ग्लॅडिएटर कुठे लढायचे?

पायवाट

गेल्या महिन्यात रोमला जाणं झालं. कलोसियमसमोर भर उन्हात रांगेत उभे असताना आमच्या चिरंजीवांनी (वय ११) विचारलं, "बाबा, हे बांधायच्या आधी ते लोक कुठे लढायचे?" मी "असंच, कुठल्यातरी मैदानात" म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. परत आल्यापासून मिळेल ते वाचतोय. जे सापडलं ते इथे मांडतो, चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

आधी काळाचा अंदाज घेऊ. कलोसियम सम्राट टायटसने उघडलं ते इ.स. ८० मध्ये. रोम शहरातल्या ग्लॅडिएटरच्या लढतीची पहिली नोंद आहे इ.स.पू. २६४ ची. मधली जवळजवळ साडेतीनशे वर्षं! शिवरायांच्या राज्याभिषेकापासून आजपर्यंत जेवढा काळ गेला, साधारण तेवढा. आपल्या डोक्यात मात्र ग्लॅडिएटर म्हटलं की कलोसियमच. म्हणजे या खेळाचा निम्म्याहून जास्त इतिहास आपण वजाच करून टाकतो.

ती पहिली लढत झाली गुरांच्या बाजारात. फोरम बोअेरियम नावाचा बैलबाजार टायबर नदीच्या काठी होता. ब्रूटस पेरा नावाचा एक बडा माणूस वारला. त्याच्या दोन मुलांनी, मार्कस आणि डेसिमस यांनी, वडिलांच्या उत्तरकार्यात तीन जोड्या लढवल्या. तिकीट नाही, सम्राट नाही, राजसत्तेचा संबंधच नाही. घरचं कार्य होतं ते. या लढतींना लॅटिनमध्ये 'मूनुस' म्हणत. मूनुस म्हणजे देणं, कर्तव्य. गेलेल्या माणसाचं आपण जे देणं लागतो ते फेडायचं. आपल्याला पितृऋण हा शब्द माहीत असल्यामुळे हे लगेच कळतं. इंग्रजी पुस्तकांत याच एका शब्दावर दोन-दोन पानं खर्ची पडतात.

नंतर हा प्रकार बैलबाजारातून उठून थेट मुख्य चौकात आला, म्हणजे रोमन फोरममध्ये. फोरम म्हणजे काय, तर बाजार, कोर्टकचेरी, देवळं, सावकारांच्या पेढ्या, भाषणाचा चौथरा, सगळं एकाच मोकळ्या जागेभोवती. इ.स.पू. २१६ मध्ये मार्कस एमिलियस लेपिडसच्या तीन मुलांनी बापाच्या नावाने तिथे तीन दिवस २२ जोड्या लढवल्या. २०० मध्ये व्हॅलेरियस लेव्हायनसच्या मुलांनी चार दिवस २५ जोड्या. १८३ मध्ये पब्लियस लिसिनियस क्रॅससच्या कार्याला १२० ग्लॅडिएटर. लिव्ही हा इतिहासकार हे आकडे जमाखर्चासारखे टिपून ठेवतो. तीन जोड्यांपासून १२० माणसांपर्यंत मजल गेली ती ऐंशी-एक्याऐंशी वर्षांत.

क्रॅससच्या कार्याची गंमत ऐका. फोरमभर जेवणावळ मांडलेली आणि अचानक वादळी पाऊस आला. पंगतीवर आडोसा हवा म्हणून लोकांनी तिथेच तंबू ठोकले. काही काळाने पाऊस थांबला, तंबू निघाले आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कारण फोरममध्ये एक दिवस तंबू पडणार असं भविष्य कोणीतरी सांगून ठेवलेलं होतं. सगळ्यांना वाटायचं की शत्रू येऊन तळ ठोकणार. पंगतीच्या तंबूंवर भागलं.

तर फोरममध्ये लढत होती म्हणजे नेमकं काय व्हायचं? मधल्या मोकळ्या जागेभोवती लाकडी माच उभे राहायचे. कार्य संपलं की उतरवायचे. पुन्हा कोणी मेलं की पुन्हा उभारायचे. दोन्ही लांब बाजूंना दुकानं आणि नंतर बासिलिका नावाच्या मोठ्या खांबांच्या इमारती. त्यांच्या वरच्या मजल्यांना पुढे काढलेल्या सज्ज्यांना 'मेनियाना' म्हणत, मेनियस नावाच्या माणसावरून. त्याची दंतकथा अशी, की इ.स.पू. १८४ मध्ये केटोने बासिलिका पोर्किया बांधायला घेतली तेव्हा मेनियसने आपलं तिथलं घर विकलं, पण एक खांब स्वतःकडे राखून ठेवला. कशासाठी? त्यावर फळ्या टाकून आपल्याला आणि पुढच्या पिढ्यांना तिथून ग्लॅडिएटर बघता यावेत म्हणून! घर गेलं तरी चालेल, पण जागा सोडणार नाही.

एवढंच नाही. व्हिट्रुव्हियस हा वास्तुतज्ज्ञ ऑगस्टसच्या काळात लिहितो की ग्रीक लोक चौक चौरस बांधतात, पण इटलीत तसं करू नये. कारण फोरममध्ये ग्लॅडिएटर लढवायची वाडवडिलांपासूनची रीत आहे. म्हणून फोरम लांबट ठेवा, लांबी-रुंदीचं प्रमाण ३ ला २, खांबांमधलं अंतर जास्त ठेवा आणि वर सज्जे काढा. म्हणजे गावाचा चौक बांधतानाच लढती धरून आखायचा.

चिरंजीवांना हे सगळं सांगितलं. त्यांचा पुढचा प्रश्न: "मग पक्कं का नाही बांधलं?" तिथे माझी गाडी अडलीय.


रानजाई

मस्त धागा! मेनियसचा खांब फारच आवडला. आमच्या चाळीत गणपतीच्या कार्यक्रमाला दुपारी चार वाजल्यापासून सतरंजीवर रुमाल टाकून ठेवणाऱ्या काकू आठवल्या.


खवचट

रोमन लोकांच्या श्राद्धाचे आकडे वाचून आम्ही काय करायचं? आपल्याकडे विषय संपले का?


वस्ताद

खवचटराव, जरा दमानं. आपला संबंध आहेच. कोल्हापूरचं खासबाग मैदान बघितलंय का कधी? शाहू महाराज १९०२ साली एडवर्ड राजाच्या राज्यारोहणाच्या समारंभाला इंग्लंडला गेले, त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम बघितलं. तसं मैदान आपल्या पैलवानांना पाहिजे म्हणून परत येऊन खासबाग बांधून घेतलं, १९१२ मध्ये खुलं झालं. मधोमध हौदा आणि चारी बाजूंनी चढत गेलेली बैठक. कुठंही बसा, कुस्ती दिसणार म्हणजे दिसणार.

आणि खासबागेच्या आधी पैलवान कुठं लढत होते? जत्रेत, नदीच्या वाळवंटात, देवळापुढच्या पटांगणात. माणसं गोल करून बसायची, मागची उभी, त्यामागची बैलगाडीवर, पोरं झाडावर. पायवाट यांनी रोमचं सांगितलं ते मला तरी अजिबात परकं वाटलं नाही. फरक एकच. आमच्याकडे चितपट झालं की हरलेला माती झाडून उठतो आणि घरी जातो.


खवचट

खासबागेचं माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. चालू द्या.


लॅटिनवेडी

नमस्कार. मी जर्मनीत असते, लॅटिन शिकले आहे, तेव्हा माझी थोडी भर.

"पक्कं का नाही बांधलं" याचं उत्तर पैशात नाही, राजकारणात आहे. पैसा होता. पॉलिबियस सांगतो की ग्लॅडिएटरचा खेळ थाटात करायचा तर ३० टॅलेंटपेक्षा (टॅलेंट म्हणजे चांदी मोजायचं मोठं वजन) कमी खर्च येत नसे. एमिलियस पॉलसच्या कार्याला त्याच्या एका मुलाला तो झेपेना, तेव्हा दुसऱ्या मुलाने, म्हणजे धाकट्या स्किपिओने, निम्मा खर्च उचलला. इतके पैसे चार दिवसांत उडवणाऱ्यांना दगड परवडत नव्हता असं थोडंच आहे?

पण पक्की बैठक म्हणजे हजारो लोकांना एकत्र बसायची कायमची जागा. सेनेटला ती नको होती. इ.स.पू. १५४ मध्ये दगडी नाट्यगृहाचं काम सुरू झालं होतं, ते सेनेटने पाडायला लावलं. नाटकासाठी पहिलं पक्कं नाट्यगृह पॉम्पीने बांधलं ते थेट ५५ मध्ये. मग ग्लॅडिएटरसाठी कोण बांधू देणार? शिवाय लाकडी माच दर वेळी नव्याने उभारले की दर वेळी उभारणाऱ्याचं नाव होतं. दगडी इमारतीत एकदा ज्याचं नाव कोरलं त्याचंच कायम राहतं, बाकीच्या घराण्यांनी काय करायचं?

आता जागेचा मुद्दा. फोरममध्ये बसायची जागा म्हणजे मत. इ.स.पू. १२२ चा प्रसंग प्लूटार्कने लिहून ठेवलाय. फोरममध्ये ग्लॅडिएटरचा खेळ होता. अधिकारी मंडळींनी भोवती माच उभारले आणि ते भाड्याने द्यायला काढले. गायस ग्राकस तेव्हा ट्रिब्यून, म्हणजे सामान्य जनतेने निवडलेला प्रतिनिधी होता. तो म्हणाला, हे काढा, गरिबांना फुकट बघता आलं पाहिजे. कोणी लक्ष दिलं नाही. खेळाच्या आदल्या रात्री तो आपले मजूर घेऊन गेला आणि सगळे माच उखडून टाकले. सकाळी लोक आले तर चौक मोकळा! गरीब खूश, पण त्याचे सहकारी ट्रिब्यून भडकले. तिसऱ्यांदा निवडून येण्याची त्याची संधी याच रात्रीमुळे गेली असं लोक मानत. मतं मिळाली होती पण सहकाऱ्यांनी मोजणीत घोळ केला, असंही प्लूटार्क म्हणतो.


पायवाट

लॅटिनवेडी ताई, दंडवत! माच उखडल्याचं वाचलं होतं, पण निवडणुकीशी संबंध ध्यानात आला नव्हता. चिरंजीवांना सांगितलं. "म्हणजे तिकिटाचं भांडण" असा त्यांचा निवाडा.


मुळशीचा मास्तर

कायदेही झाले होते यावर. सिसेरो इ.स.पू. ६३ मध्ये कॉन्सल (निवडून आलेला सर्वोच्च अधिकारी) होता, तेव्हा त्याने नियम आणला की जो निवडणुकीला उभा राहणार त्याने आधीच्या दोन वर्षांत ग्लॅडिएटरचा खेळ द्यायचा नाही. मतदारांना वॉर्डावॉर्डाने (त्यांच्या भाषेत ट्राइबप्रमाणे) खेळाच्या जागा वाटायलाही बंदी होती. त्याच वर्षी म्युरेना नावाच्या उमेदवारावर लाचखोरीचा खटला झाला आणि नियम करणारा सिसेरोच त्याचा वकील! आरोपांत एक असा, की म्युरेनाला एका व्हेस्टल कुमारिकेने, म्हणजे अग्निदेवतेच्या पुजारणीने, ग्लॅडिएटरच्या खेळातली स्वतःची जागा दिली. सिसेरो म्हणतो, अहो, ती त्याची नातेवाईक आहे. दिली तर काय बिघडलं?

नातेवाइकाने पास दिला तर लाच होते का, हा वाद दोन हजार वर्षांपूर्वी कोर्टात झालाय, घ्या.


आजीचा बटवा

बायका पण बसायच्या का तिथे?


लॅटिनवेडी

हो, आणि फोरमच्या काळात बायका-पुरुष एकत्रच बसत. सुल्ला हुकूमशहा असताना ग्लॅडिएटरच्या एका खेळाला बसला होता. व्हॅलेरिया नावाची एक घटस्फोटित तरुणी त्याच्या मागून जाता जाता त्याच्या खांद्यावर हात टेकून गेली आणि वस्त्राचा एक धागा उपटून घेऊन गेली. त्याने वळून पाहिलं तर म्हणाली, "काही नाही, तुमच्या नशिबातलं थोडं मला हवं होतं." पुढे लग्न झालं दोघांचं. प्लूटार्क मुद्दाम सांगतो की तेव्हा बायकांच्या आणि पुरुषांच्या जागा वेगळ्या नव्हत्या. ऑगस्टसने नंतर नियम केला आणि बायकांना ग्लॅडिएटरच्या खेळाला सगळ्यात वरच्या, मागच्या ओळीत पाठवलं. शिस्तबद्ध बैठक आली आणि अशा भेटीगाठी संपल्या.


रानजाई

धागा उपटून नेला, आणि आपण धाग्यावर बोलतोय. असो.


बल्लीबांबू

मी या धाग्यावर वेगळ्या कारणाने आलोय. आमचा मांडव-डेकोरेशनचा धंदा आहे, आजोबांपासून. त्यामुळे ग्लॅडिएटरपेक्षा माच कसे उभारत असतील यातच माझा जीव. दोन शंका आहेत.

एक, फोरम चांगला फरसबंद होता ना? मग बल्ल्या रोवणार कशा? आम्ही रस्त्यावर मांडव घालतो तेव्हा खड्डे घेतल्यावरून भानगडी होतात. खड्डा न घेता उभारायचं तर खालून कैची आणि आडवे बांध चांगलेच लागतात.

दोन, बसलेली माणसं हे ओझं नाही. ओझं म्हणजे एकदम उठून उभी राहिलेली माणसं. सगळे एका तालात उठले की फळी नाही मोडत, सांधा निसटतो. असं कधी झालं नाही का त्यांच्याकडे?


मुळशीचा मास्तर

झालं. आणि फार वाईट झालं. पण ते रोम शहरात नाही.

इ.स. २७. रोमच्या उत्तरेला जवळच फिडेनी नावाचं गाव. तेव्हाच्या सम्राट टायबेरियसला खेळांचा तिटकारा, त्यामुळे रोमकर उपाशी बसलेले. अॅटिलियस नावाच्या माणसाने, हा गुलामगिरीतून सुटलेला, फिडेनीत लाकडी अँफिथिएटर, म्हणजे मध्ये मैदान आणि सगळ्या बाजूंनी चढती बैठक, उभारलं. टॅसिटस लिहितो की त्याने पाया घट्ट जमिनीवर घेतला नाही आणि वरचं लाकूडकामही नीट जखडलं नाही. कारण त्याच्याकडे ना मोप पैसा होता ना गावात नाव कमावायची हौस. त्याला फक्त नफा पाहिजे होता. रोम जवळ, म्हणून बाया-माणसं, म्हातारेकोतारे सगळे लोटले. खचाखच भरल्यावर ते काही आत कोसळलं, काही बाहेर. टॅसिटस मेलेले आणि जायबंदी मिळून ५०,००० म्हणतो, सुएटोनियस मेलेलेच २०,००० सांगतो.

रोममधल्या श्रीमंतांनी आपली घरं उघडली, मलमपट्टी आणि वैद्य पुरवले. अॅटिलियसला हद्दपार केलं. सेनेटने दोन नियम केले. ज्याच्याकडे ४,००,००० सेस्टर्सपेक्षा कमी मालमत्ता आहे त्याने ग्लॅडिएटरचा खेळ द्यायचा नाही. आणि जमीन तपासून पक्की असल्याशिवाय अँफिथिएटर बांधायचं नाही.


बल्लीबांबू

"पाया घट्ट जमिनीवर घेतला नाही आणि लाकूड नीट जखडलं नाही." हे वाक्य छापून गोडाऊनच्या दारावर लावतो.


पायवाट

बल्लीबांबू, तुमच्यासाठी अजून एक. क्यूरिओ नावाचा राजकारणी होता. वडील वारले, साधारण इ.स.पू. ५३ मध्ये. त्यांच्या नावाने करायचं तर काहीतरी कोणी न केलेलं पाहिजे. याने दोन मोठी लाकडी नाट्यगृहं पाठीला पाठ लावून उभी केली, आणि दोन्ही खुंट्यांवर फिरणारी! सकाळी दोन्हीकडे वेगवेगळी नाटकं. पाठीला पाठ असल्याने एकाचा आवाज दुसऱ्याला नाही. दुपारी दोन्ही अर्धगोल गर्रकन फिरवायचे, टोकं जुळवायची, की झालं अँफिथिएटर. मध्ये ग्लॅडिएटर.

थोरला प्लिनी या प्रकाराने संतापला आहे. लढणाऱ्यांपेक्षा बघणाऱ्यांचा जीव जास्त धोक्यात, जग जिंकलेली जनता दोन खुंट्यांवर टांगलेली आणि वर आपल्याच धोक्याला टाळ्या पिटतेय, असा त्याचा सूर. शेवटच्या दिवशी खुंट्या झिजल्या म्हणून क्यूरिओने फिरवणं थांबवलं.


बल्लीबांबू

माणसं बसलेली असताना फिरवायचे??


पायवाट

प्लिनीच्या म्हणण्याप्रमाणे पुढच्या दिवसांत काही माणसं बसलेली असतानाच.


बल्लीबांबू

मी चाललो. चक्कर आली.


चौकस

थोडा विरोधी सूर लावतो. फोरमभोवतीच्या माचांमुळेच अँफिथिएटरला अंडाकृती आकार आला असं हल्ली बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. कॅथरीन वेल्च या अभ्यासक बाईंनी ते हिरिरीने मांडलंय. पण लाकडी माचाचा एक तुकडाही उरलेला नाही, तर आकार कशावरून ठरवायचा? मला हे मागून जोडलेलं वाटतं. दुसरं, हा खेळ मुळात रोमच्या उत्तरेकडच्या एट्रुस्कन लोकांचा हे तुम्ही लिहिलंच नाही.


लॅटिनवेडी

चौकस, दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करते. एट्रुस्कनांपासून घेतला असं दमास्कसचा निकोलस म्हणतो खरा. पण चित्रांचा पुरावा दक्षिणेकडचा आहे. पेस्टमच्या थडग्यांत इ.स.पू. चौथ्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, त्यांत ढाल-भाला घेतलेले दोघे एकमेकांना भिडलेत, रक्त वाहतंय, शेजारी रथांची शर्यत. सगळं अंत्यविधीचं वातावरण. आणि लिव्हीप्रमाणे काम्पानियातले लोक मेजवानीला ग्लॅडिएटर लढवत, तेही हरवलेल्या सॅम्नाइट शत्रूंचा वेष चढवून. म्हणजे जेवणाच्या पानांशेजारी! 'कुठे लढायचे' या प्रश्नाचं हेही एक उत्तर. आणखी एक जुना शब्द आहे 'बुस्टुआरियस', म्हणजे चितेपाशी लढणारा.

आकाराबद्दल तुमची शंका रास्त आहे. फोरम नीट आयत नव्हता, एका टोकाला निमुळता होत जायचा. पण फरशीखाली काय आहे ते बघा. जाकोमो बोनी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोरम खणला तेव्हा फरसबंदीखाली भुयारं निघाली. एक लांब बोळ, त्याला काटकोनात जाणारे चार बोळ आणि त्यांच्यातून वर फरशीपर्यंत आलेली चौकोनी तोंडं. खाली रहाट लावून माणसं, सामान वर काढत असावेत असा कयास आहे. ही बहुधा सीझरच्या काळातली. कलोसियमखालचं प्रसिद्ध तळघर बघून आपण थक्क होतो, त्याची छोटी आवृत्ती आधी चौकाखाली होती. भुयारं कुठवर पसरलीत त्यावरून लढतीची जागा कुठे होती हे बऱ्यापैकी कळतं. आकार गोल की लांबट यावर मात्र भांडायला जागा आहे.


चौकस

भुयारांचं मान्य. आकाराचं अजून नाही. पण चितेपाशी लढणारा हा शब्द भारी आहे.


वस्ताद

ते सिनेमातलं स्पार्टाकसचं काय मग? तो कुठं लढला?


मुळशीचा मास्तर

स्पार्टाकस कापुआच्या तालमीतला. (मी मुद्दाम तालीम म्हणतो. लॅटिन शब्द 'लूडुस' आहे, पण तिथे वस्ताद होते, खुराक होता, डावपेच शिकवत.) इ.स.पू. ७३ मध्ये सत्तरेक जण स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि मांस भाजायच्या सळया घेऊन तिथून पळाले. पण या धाग्याच्या दृष्टीने पुढचं जास्त महत्त्वाचं. त्याचा साथी क्रिक्सस मारला गेला तेव्हा स्पार्टाकसने रोमन रीतीनेच त्याचं कार्य केलं. पकडलेल्या रोमन कैद्यांना चितेभोवती ग्लॅडिएटर म्हणून लढायला लावलं. अॅपियन म्हणतो ३०० कैद्यांचा बळी दिला, लढवल्याचं फ्लोरस सांगतो. कुठे? उघड्या माळावर. चिता असली की जागा झाली, वर लॅटिनवेडी ताईंनी सांगितलेला शब्द इथे चपखल बसतो.

तसंच स्किपिओ आफ्रिकेनस. इ.स.पू. २०६ मध्ये स्पेनमधल्या नव्या कार्थेज गावी त्याने वडील आणि काकांच्या नावाने खेळ दिले. तिथे एकही विकतचा ग्लॅडिएटर नव्हता, सगळे आपणहून आलेले. कॉर्बिस आणि ऑर्सुआ हे दोघे चुलतभाऊ तर सरदारकीच्या वाटणीचं भांडण मिटवायला उतरले. स्किपिओने समजूत घालून पाहिली, ऐकेनात. वयाने मोठा आणि हत्यारात मुरलेला कॉर्बिस जिंकला.


खवचट

भाऊबंदकी. तिथेही.


पायवाट

खवचटराव आता रंगात आले.

सीझरचं राहिलंच. इ.स.पू. ६५ मध्ये तो ईडाइल (शहराची व्यवस्था आणि उत्सव बघणारा अधिकारी) होता, तेव्हा वडिलांच्या नावाने त्याने ३२० जोड्या दिल्या. वडील जाऊन वीस वर्षं झालेली! लेपिडसच्या मुलांचं निदान खरं कार्य होतं. सुएटोनियस म्हणतो त्याला याहून जास्त आणायचे होते, पण सेनेटने घाबरून संख्येवर मर्यादा घातली. शहरात इतकी हत्यारबंद माणसं एकाच्या हाताखाली, भीती वाटणारच. मग ४६ मध्ये, सगळ्यांना हरवून आल्यावर, त्याने फोरममध्ये पुन्हा खेळ दिले, या वेळी मेलेल्या मुलीच्या, ज्युलियाच्या नावाने. अख्ख्या फोरमवर कापडाचं छत घातलं, ते त्याच्या घरापासून कॅपिटोलिन टेकडीच्या चढापर्यंत. प्लिनी म्हणतो लोकांना ग्लॅडिएटरपेक्षा छताचंच नवल वाटलं. गावोगावहून इतकी माणसं आली की रस्त्यांवर तंबू टाकून राहिली आणि चेंगराचेंगरीत बरेच मेले, त्यांत दोन सेनेटरही होते.

बल्लीबांबू असतील तर ऐका, छत फोरमभर!


बल्लीबांबू

आहे, ऐकतोय. वाऱ्याचं काय केलं असेल हाच विचार करतोय. एवढ्या कापडात वारा शिरला की मांडव गलबतासारखा ओढतो.


लॅटिनवेडी

एक गमतीचं सांगून मी झोपायला जाते, इथे मध्यरात्र झाली.

इ.स.पू. ५६ मधल्या एका भाषणात सिसेरोने फोरममधल्या अशा एका खेळाचं वर्णन केलंय. त्याचा मित्र सेस्टियस मेनियसच्या खांबाकडून आला (तोच खांब!) आणि कॅपिटोलपासून फोरमच्या जाळीच्या कठड्यापर्यंत सगळ्या बैठकांतून टाळ्या पडल्या. उलट विरोधी गटातला अॅपियस क्लॉडियस रोज खेळाला यायचा, पण येताना कधी कोणाला दिसायचा नाही. लोक हुर्यो करतील म्हणून तो माचाच्या फळ्यांखालून सरपटत यायचा आणि नाटकातल्या भुतासारखा एकदम जागेवर उगवायचा. त्या अंधाऱ्या वाटेला लोक 'अॅपियन मार्ग' म्हणायला लागले होते. रोमचा प्रसिद्ध राजरस्ता त्याच्याच पूर्वजाने बांधलेला, त्याच्यावरची ही कोटी.

आणि तो जो जाळीचा कठडा, त्याला लॅटिन शब्द 'कांचेल्ली' किंवा 'कांकेल्ली'. लिहिलेल्यावर जाळीसारख्या आडव्या-उभ्या रेघा मारून खोडणं म्हणजे 'कांकेल्लारे'. तिथूनच आपलं कॅन्सल. तिकीट कॅन्सल करताना फोरमचा कठडा आठवा. अरीना म्हणजे तर नुसती वाळू. इमारत नव्हती तेव्हाही वाळू होती, तिचंच नाव पुढे इमारतीला चिकटलं.


आजीचा बटवा

ताई, रोज एक शब्द द्या हो असा.


चौकस

पायवाट, शीर्षकाच्या हिशेबाने एक दुरुस्ती. "कलोसियम नव्हतं तेव्हा" म्हणजे पक्कं काहीच नव्हतं असा समज होतो. पाँपेईचं दगडी अँफिथिएटर इ.स.पू. ७० च्या आसपासचं, म्हणजे कलोसियमच्या दीडशे वर्षं आधीचं. आणि त्यावरच्या शिलालेखात त्याला अँफिथिएटर म्हटलेलंच नाही, 'स्पेक्टाकुला' म्हटलंय. म्हणजे 'बघायच्या जागा'. फोरमच्या माचांना जो शब्द वापरत तोच. इमारत नवी, पण तिच्यासाठी नाव अजून तयार नव्हतं. (हे तुमच्याच बाजूने बोलतोय, माहितीय मला.) रोममध्ये पहिलं पक्कं म्हणावं असं स्टाटिलियस टॉरसचं, इ.स.पू. ३०-२९ च्या सुमाराचं. ते इ.स. ६४ च्या आगीत गेलं. नीरोने इ.स. ५७ मध्ये पुन्हा लाकडीच बांधलं होतं.


पायवाट

दुरुस्ती शिरसावंद्य. शीर्षक बदलता येत नाही आता, पण चिरंजीवांना कळवतो. पाँपेईत अँफिथिएटर बांधल्यावरही फोरम सुटला नव्हता बरं का. तिथल्या एका अधिकाऱ्याच्या थडग्यावर लिहिलंय की त्याने अपोलोच्या उत्सवात मिरवणूक, बैलांचे खेळ आणि मुष्टियोद्धे फोरममध्ये दिले आणि दुसऱ्यांदा पदावर आल्यावरच्या उत्सवात पहिला दिवस फोरममध्ये आणि दुसरा अँफिथिएटरात.


रानजाई

मी पुढच्या आठवड्यात खरंच रोमला चाललेय, ऑफिसच्या कामाने. एक दुपार मोकळी आहे. तो बैलबाजार आता कुठे सापडेल?


पायवाट

अरे वा! टायबरच्या काठी, सर्कस मॅक्सिमसच्या शेजारी. हर्क्युलिसचं छोटं गोल देऊळ अजून उभं आहे, ते त्या पहिल्या लढतीनंतरच्या शतकातलं. जवळच पोर्तुनुसचं चौकोनी देऊळही उभं आहे. बाकी बैलबाजाराच्या जागी आता रस्ता आणि गाड्या. समोर कॉस्मेदिनच्या सांता मारिया चर्चच्या ओसरीत संगमरवरी मुखवटा आहे, त्याच्या तोंडात हात घालून फोटो काढायला लोकांची रांग लागलेली असते. खोटं बोलणाऱ्याचा हात तो चावतो म्हणतात. त्या रांगेत उभी राहिलीस की समज, साधारण तिथेच कुठेतरी तीन जोड्या लढल्या होत्या.


रानजाई

मग घालते हात आणि टाकते फोटो.


खवचट

थांबा ताई. या धाग्यावर एवढे आकडे पायवाटरावांनी दिलेत. आधी त्यांना घालू दे.